दुसरी आरोळी

मार्गिटआत्याने स्वतःच्या मयताची बिअर जिवंतपणीच काढायला सांगितली, कारण तिचा भाच्यावर विश्वास नव्हता.

"मी गेल्यावर तुम्ही दुकानातली आणाल," ती म्हणाली. "डब्यातली. लोक दोन घोट घेतील, घड्याळ बघतील आणि घरी जातील. शहाऐंशी वर्षं जगल्यावर मला एवढंच?"

येत्या सोमवारी तिला बर्गन शहरातल्या इस्पितळात हृदयाची झडप बदलायला जायचं होतं. शंभरातले पंच्याण्णव लोक यातून सुखरूप बाहेर येतात, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. "उरलेल्या पाचांनाही हेच सांगितलं असणार," असं म्हणून तिने तारीख ठरवली. मंगळवारी बिअर चढवायची, शनिवारी संध्याकाळी पिंपं भरायची. पिंपं भरायच्या दिवशी आमच्या खोऱ्यात कुणी कुणाला बोलावत नाही. लोक आपणहून येतात, बाकांवर बसतात, वाडगा फिरवतात आणि निकाल देतात. आत्याला तो निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता. नंतरच्या कार्यक्रमात तिला बोलता येणार नव्हतं.

मी या घरचा जावई. स्वेनुंग माझ्या बायकोचा भाऊ, आणि मार्गिटआत्या त्या दोघांची आत्या. नोकरीत असताना मी डेअरीचा तपासनीस होतो. पंधरा वर्षं या खोऱ्यातल्या प्रत्येक गोठ्यात जाऊन दुधाच्या टाक्यांत डोकं घातलं, बॅटरी मारली, बोट फिरवलं आणि मार्क कापले. लोक मला आदराने वागवायचे. म्हणजे मी आलो की बोलणं थांबवायचे.

स्वेनुंगने दोन वर्षांपूर्वी गाई विकल्या. गाई गेल्या तरी त्यांचं सामान मागे राहिलं, आणि स्वेनुंगला काही टाकून देणं जमत नाही. दूध काढायच्या नळ्यांतून तो आता कढईतला बिअरचा गरम गोड काढा खेचतो. दूध गाळायच्या पिशवीतून जुनिपरच्या सुवासिक झुडपाच्या काड्या आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, भुसा गाळतो. चाळीस लिटरच्या जुन्या कॅनमध्ये पाणी साठवतो. गेल्या हिवाळ्यात आजोबांचं लाकडी पिंप तडकलं, तेव्हा त्याची नजर दूधखोलीतल्या सहाशे लिटरच्या स्टीलच्या टाकीवर गेली. झाकण आहे, जाड आवरण आहे, आत ढवळणी आहे. आणखी काय पाहिजे?

"दुधाच्या भांड्यात बिअर!" आत्या म्हणाली. "उद्या बिअरच्या पिंपात बाळाला अंघोळ घाल."

पण खरा प्रश्न टाकीचा नव्हता, विरजणाचा होता. शहरात त्याला यीस्ट म्हणतात आणि पुडीत विकत आणतात. आमच्याकडे ते दह्याच्या विरजणासारखं घरातच चालत येतं. एका खेपेच्या तळाशी जे उरतं, ते काढून ठेवायचं आणि पुढच्या खेपेला घालायचं. आत्याच्या आजीच्या वेळेपासून ते या घरात होतं. पूर्वी प्रत्येक घराचं थोडं विरजण शेजाऱ्याकडेही असायचं. आपलं नासलं तर मागून आणायचं. पण ओढ्याच्या पलीकडच्या काठावरच्या आर्नफिनशी स्वेनुंगच्या वडिलांचं जुनिपरच्या सात झुडपांवरून वाजलं. झुडपं कुंपणाच्या कुठल्या बाजूला उगवली, हा मुद्दा होता. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या घराने विरजण कुणाला दिलं नाही, कुणाकडून घेतलं नाही. जगात ते फक्त दोन बरण्यांत होतं, आणि त्या बरण्या आत्याच्या झऱ्याघरातल्या, म्हणजे झऱ्यावर बांधलेल्या थंड खोलीतल्या, फळीवर होत्या.

मंगळवारी दुपारी तिने दोन्ही बरण्या स्वेनुंगच्या हातात दिल्या. "एक घाल, एक परत आण," एवढंच म्हणाली आणि आडवी व्हायला गेली.

चार वाजता काढा टाकीत पडला. तीनशे लिटर, एकोणचाळीस अंश, बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतका गरम. स्वेनुंगने पहिली बरणी ओतली. मग माझ्याकडे न बघता दुसरीचं झाकण फिरवायला लागला.

"आत्या एक म्हणाली होती," मी म्हणालो.

"आत्या शंभर लिटरच्या हिशेबाने बोलत होती. हे तीनशे आहे, दाजी. शनिवारपर्यंत झालं नाही तर?"

"मग तिला विचार."

"झोपलीय ती. दाजी, पंधरा वर्षं तुम्ही लोकांच्या चुका लिहून काढल्यात. एक न लिहिता सोडा."

मी सोडली. निवृत्त माणसाला मिळणाऱ्या मोजक्या सवलतींपैकी ही एक.

विरजण घालताना ओरडावं लागतं. हे आमच्याकडे सक्तीचं आहे. जितकी मोठी आरोळी, तितके पाहुणे बोलके. खालच्या आळीत एकाने पाळण्यातलं पोर उठेल म्हणून कुजबुजत विरजण घातलं होतं. त्या लग्नात पंगत उठेपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही. ते लग्न अजून टिकून आहे, पण तेही तसंच. आणि आरोळी सगळ्या खोऱ्याला ऐकू जाते. एक आरोळी म्हणजे अमक्याकडे बिअर चढली, चार दिवसांनी जायचं. लागोपाठ दुसरी आरोळी म्हणजे पहिली खेप मेली. आमच्या घरातून दुसरी आरोळी कधी गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

स्वेनुंगने एका हाताने बरणी उपडी केली, दुसऱ्या हाताने ढवळणीचं बटण दाबलं, आणि आम्ही दोघं छाती फुटेस्तोवर ओरडलो. मग झाकण बंद. पूर्ण एक दिवस ते उघडायचं नसतं, आणि पहिलं उघडणं घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसाच्या हातून.

रात्रीच्या जेवणाआधी आत्या काठी टेकत आली. झाकणाला तिने हात लावला नाही. लाकडी पळीचा दांडा टाकीला टेकवला, दुसरं टोक कानामागच्या हाडावर धरलं. तिला ऐकू कमी येतं, आणि कानातल्या यंत्राला ती खोटारडं म्हणते. बराच वेळ ती तशीच उभी होती. मंद, जाडसर घुमणं मलाही जाणवत होतं.

"बोलतंय," ती म्हणाली. "जरा सपाट बोलतंय. पण बोलतंय."

"स्टील आहे ना," स्वेनुंग म्हणाला.

"दुसरी बरणी?"

"ठेवली."

तो हे इतक्या सहज म्हणाला की मलाच पटलं.

बुधवारी सकाळी सातला मी लाकडं आणायला शेडमध्ये गेलो, तर दूधखोलीच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी पेटीवर मोन्स बोका पसरून झोपला होता. दोन वर्षांत मी त्याला तिथे पाहिलं नव्हतं. गाई होत्या तेव्हा ती त्याची हक्काची जागा. पेटी गरम असायची.

मी पेटीवर हात ठेवला. गरम होती.

ती टाकीच्या थंड करण्याच्या यंत्राची पेटी होती.

चौदा वर्षांपूर्वी काही शेतकरी वीज वाचवायला थंड करायचं यंत्र बंद ठेवून नुसतं दूध ढवळायचे. मी त्यावर एक आदेश काढला. ढवळणी आणि थंड करायचं यंत्र यांना एकच तार. एक सुरू झालं की दुसरं सुरू. चार अंशांपर्यंत खाली, आणि तिथेच मुक्काम. कुणी उघडू नये म्हणून जोडणीच्या डबीला शिशाचं सील. चांगला आदेश होता, दूध नासायचं थांबलं. आमच्या आरोळीत यंत्र सुरू झाल्याचा आवाज कुणाला ऐकू आला नाही. आणि नंतरची घरघर? ती घरघर दूधखोलीत नसती, तरच स्वेनुंगला आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असतं.

स्वेनुंग ब्रेडवर ब्राऊन चीजचे काप ठेवत होता. मी त्याला दारातूनच खूण केली.

आम्ही नियम मोडून झाकण उघडलं. ना फेस, ना वास. काळंशार, गप्प पाणी. काटा चारवर.

"मेलं," स्वेनुंग म्हणाला.

"झोपलं असेल."

"दाजी, एकोणचाळीसवरून चारवर. तुम्हाला कुणी असं झोपवलं तर?"

"मेन बटण बंद कर आधी."

"दोन्ही घातल्या मी." तो टाकीच्या कडेला धरून उभा होता. "दोन्ही, दाजी. शंभर वर्षं टिकलं, आणि माझ्या हातून—"

"चार वाजता ती येणार. नऊ तास आहेत."

टाकीला थंड करणं येतं, गरम करणं येत नाही. कढईत घालून तापवावं तर तळाला लागून जे जिवंत असेल तेही शिजेल. मग स्वेनुंगला कॅन आठवले. दूधखोलीच्या मागे सिमेंटचं जुनं टाकं आहे. टाक्या येण्याआधी त्यात झऱ्याचं पाणी सोडून दुधाचे कॅन थंड करायचे. आम्ही कढईत पाणी उकळलं, टाकं कढत पाण्याने भरलं, बिअर कॅनमध्ये काढली आणि कॅन त्यात उतरवले. आठ कॅन गळ्यापर्यंत पाण्यात, सरकारी स्नानगृहातल्या म्हाताऱ्यांसारखे. ज्या टाक्याचा जन्म थंड करण्यात गेला, त्याला आम्ही उतारवयात उलटं काम शिकवत होतो.

साडेनऊला बारा अंश. अकराला चोवीस. स्वेनुंग एकेका कॅनमध्ये कान घालून ऐकायचा, मान हलवायचा, पुन्हा पाणी आणायला धावायचा. साडेबाराला छत्तीस. पृष्ठभाग आरशासारखा. त्यात माझंच तोंड दिसत होतं आणि ते मला आवडलं नाही.

"पूल ओलांडला की दहा मिनिटं," मी म्हणालो.

"कुठे?"

"तुला माहीत आहे कुठे."

"आर्नफिनकडे?" स्वेनुंगने बादली खाली ठेवली. "आणि काय सांगू? आमच्या दाजींनी आदेश काढला होता म्हणून?"

"खरं तेच सांग."

"आणि त्याचं विरजण घालून आत्याला पाजू? ते तिचं नाही, दाजी. एका घोटात ओळखेल ती. आणि मग सोमवारी त्या घोटाची चव तोंडात घेऊन जाईल बर्गनला."

"त्याच्याकडे तुमचं होतं एके काळी."

"एकोणीस वर्षांपूर्वी. भांडण झालेल्या माणसाचं तुम्ही एवढी वर्षं काय ठेवाल? मी तर त्याची कुऱ्हाडसुद्धा परत दिली नाही."

बाहेर काठीचा आवाज आला. दोन वाजले होते. ती चारला येणार होती. पण ज्या बाईचा भाच्यावर विश्वास नसतो, ती दोन तास आधी येते.

आत्या दारात थांबली. उघडी टाकी बघितली, कॅन बघितले, वाफ बघितली. मग आम्हाला बघितलं, सगळ्यांत शेवटी.

"किती?" तिने विचारलं.

"चार," मी म्हणालो. "अंश. रात्रभर. चूक माझी आहे, आत्या. माझ्या आदेशामुळे—"

"तुझं नंतर. दुसरी बरणी आण रे, स्वेनुंग."

स्वेनुंग हलला नाही. टाक्यातलं पाणी तेवढं हलत होतं. तिने हात छातीवर ठेवला, आणि मला वाटलं, आता इथेच. तिने कोपऱ्यातली बादली काठीने उपडी केली आणि तिच्यावर बसली. श्वास मोजून घेतला. एक. दोन. ओठ पांढरे झाले होते.

"डॉक्टरला बोलावू?" मी म्हणालो.

"त्याला विरजणातलं काय कळतं?" पुन्हा एक श्वास. "मेल्या, दोन्ही घातल्यास?"

"दोन्ही," स्वेनुंग म्हणाला. तो बावन्न वर्षांचा आहे, पण त्या क्षणी तेवढा दिसत नव्हता.

"आणि रात्री मी त्या यंत्राची घरघर ऐकून विरजण बोलतंय म्हणाले. आपण तिघंही सारखेच. तळ बघितलात?"

"कशाचा?"

"टाकीचा, कशाचा! थंडी पडली की माणूस कुठे जातो? खाली जातो, एकमेकांना चिकटून बसतो. तुम्ही वरचं पाणी अंघोळीला नेलंत आणि माणसं आत ठेवलीत. तपासनीस! घाल डोकं."

मी डोकं घातलं. पंधरा वर्षं मी या टाकीत घाण शोधली आणि सापडू नये असं स्वेनुंगला वाटायचं. आज सापडावी म्हणून आम्ही दोघं एकत्र प्रार्थना करत होतो. बॅटरीच्या उजेडात तळाच्या उतारावर, ढवळणीच्या पात्याखाली, राखाडी साईसारखा एक पातळ थर दिसला. नोकरीत असतो तर याचे मी पाच मार्क कापले असते. रबरी पट्टीने मी तो खरवडला, कोपरे बोटाने पुसले. दूध काढायच्या लहान बादलीत जेमतेम चार वाटी चिखल जमला.

आत्याने बादली मांडीवर घेतली, वरून शाल गुंडाळली आणि पोटाशी धरली. स्वेनुंग कॅनमधला कोमट काढा चमच्याने देत होता, ती तो थेंब थेंब सोडत होती. तिचा श्वास चढला की शाल चढायची, उतरला की उतरायची. अडीच झाले. तीन झाले. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा तिने बोट वर केलं.

तीन वीसला तिने शाल बाजूला केली. राखाडी चिखलावर एक बुडबुडा आला. मोठा नाही, मसुराएवढा. थांबला. फुटला. आम्ही तिघं त्या जागेकडे बघत राहिलो. मग शेजारी दुसरा आला, आणि एकदम पाच-सहा, आणि संत्र्याच्या सालीचा तो वास आला जो या घराच्या प्रत्येक नाताळात, लग्नात आणि मयतात असतो.

स्वेनुंग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"रडतोस काय, कॅन ओत," आत्या म्हणाली. "आणि तपासनीस, आधी ती तार काप."

"मेन बटण बंद आहे, आत्या. तेवढं पुरे."

"बटण बोक्यालाही दाबता येतं. काप."

मी शेडमध्ये गेलो. डबीला शिशाचं सील तसंच होतं. सील तोडणाऱ्यावर कारवाई केली जाईल, असं त्यावर छापलं होतं आणि खाली माझी सही होती. मी सील तोडलं, तार कापली. मोन्स पेटीवरून उतरून निघून गेला. त्याची नाराजी मी समजू शकतो.

आठही कॅन परत टाकीत ओतले. आता ढवळायला लाकडी वल्हं घेतलं. स्वेनुंगने बादली उचलली आणि थांबला.

"आरोळी," तो म्हणाला.

सगळ्यांना कळलं होतं. कालची आरोळी खोऱ्याने ऐकलेली. आज दुसरी गेली की दुकानापासून चर्चपर्यंत कळणार, मार्गिटच्या घरचं विरजण मेलं.

"हळू ओरडू," स्वेनुंग म्हणाला. "दार लावून. आपल्यापुरतं."

"मयताला माझ्या मुकी माणसं बसवणार?"

"आत्या, आर्नफिनला ऐकू जाईल."

"जाऊ दे."

"मग मी आणि दाजी ओरडतो. तुम्ही नाही. डॉक्टर म्हणालेत, जोर—"

"दार उघड," ती म्हणाली.

मी दार उघडलं. ती उठली, एका हाताने टाकीची कड धरली. स्वेनुंगने बादली तिरकी केली. आणि मार्गिटआत्या ओरडली. त्यात शब्द नव्हते. सुरुवातीला ते म्हातारीचं खरखरीत ओरडणं होतं, मग त्यात काहीतरी फुटलं आणि आवाज वर गेला, डोंगरावर गुरं हाकणाऱ्या पोरीसारखा. अंगणातून, ओढ्यावरून तो पलीकडच्या कड्यावर आपटला आणि परत आला. आम्हाला तिच्यासोबत ओरडायचं सुचलंच नाही. ती खाली बसली तेव्हा मी तिचं मनगट धरलं. नाडी धावत होती, अडखळत होती, पण होती.

"सोड," ती म्हणाली. "मोजलेल्याने वाढत नाही."

झाकण बंद केलं. कुणी घरात गेलं नाही. आम्ही तिघं दूधखोलीत बसून राहिलो.

पुलाच्या फळ्या वाजल्या. स्वेनुंग उठून उभा राहिला.

आर्नफिन दारात आला तेव्हा धापा टाकत होता. सत्तरीचा माणूस, पायात दोन वेगवेगळे बूट. एकोणीस वर्षांत तो या अंगणात आला नव्हता. हातात बरणी होती, कापडात गुंडाळलेली. तो उंबऱ्याच्या आत आला नाही.

"दुसरी ऐकली," तो म्हणाला.

"मग?" आत्या म्हणाली.

"मग हे." त्याने बरणी पुढे केली. "तुमचंच आहे. माझ्याच्या शेजारी ठेवत नाही, वेगळ्या फळीवर असतं. वर्षातून दोनदा याने बिअर काढतो, म्हणजे हे जिवंत राहतं. बरं लागतं. माझ्याइतकं नाही."

स्वेनुंगची नजर जमिनीवर होती. बहुधा त्या कुऱ्हाडीचा विचार करत असावा.

आत्याने हात पुढे केला. बरणी उघडली, नाकाशी नेली, डोळे मिटले. मग झाकण घट्ट लावलं, कापड पुन्हा नीट गुंडाळलं आणि बरणी आर्नफिनला परत दिली.

"जागं झालं आमचं," ती म्हणाली. "हे ने परत. तुझ्याच फळीवर ठेव. या घरात तपासनीस राहतो."

आर्नफिनने बरणी कोटाच्या आत धरली. वळला, दोन पावलं गेला, थांबला.

"झुडपं मात्र माझी आहेत," तो म्हणाला.

"त्यांचं शनिवारी बघू," आत्या म्हणाली. "लवकर ये. आणि येताना सारखे बूट घाल."